देवासच्या टेकडीवर पाळण्यानं

२०२३ साल. मला तेव्हा चौऱ्याहत्तरावं लागलं होतं. आदल्या वर्षी छातीचं ऑपरेशन झालं, तेव्हा आमच्या हिनं, बायकोनं, देवासच्या देवीला, स्वतःच्या माहेरच्या देवीला, नवस केला : हे जिवंत घरी आले तर जोडीनं ओटी भरीन. डॉक्टरांनी बजावलं होतं, पायऱ्या चढायच्या नाहीत, रोपवेच्या पाळण्यातून जा. पण धुळ्याच्या मार्केट यार्डात चाळीस वर्षं पोती वाहिलेला माणूस मी. टेकडीखाली उभा राहून म्हटलं, देवीकडे कुणी बसून जातं का? आणि ओटीची पिशवी घेऊन पायऱ्या धरल्या.

ही तिकिटाच्या खिडकीजवळ बसून राहिली. “जोडीबिगर मी वर येवाव नई. आन् तुम्हले त्या पाळणानं भेव वाटस, माले माहीत शे!”

अर्ध्यात छाती आवळली. बसलो. वर जाववेना, खाली उतरायची लाज वाटे. नवस हिचा, आणि माझ्या हट्टापायी तो तसाच राहणार होता. मी कधी देवीपुढे रडलो नव्हतो. त्या दिवशी म्हटलं, आई, माझ्याच्यानं होत नाही, तूच बघ.

वरून एक बाई फुलांची रिकामी टोपली घेऊन उतरत होती. साथीला कोण, तिनं विचारलं. बायको खाली आहे म्हणालो. “तो माँ के लिए आए हो कि सीढ़ियों के लिए?” असं म्हणून तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि चालू लागली. जन्मात माझं ओझं दुसऱ्या कुणी उचललं नव्हतं. ओटी तिच्याकडे, मग मागं जाणं आलंच! खाली तिनं पिशवी हिच्या मांडीवर ठेवली. मी दम खाऊन हात जोडतो तोवर ती गर्दीत दिसेनाशी झाली. ती कोण, यावर मी वाद घालत नाही.

पाळणा सुटला तसे मी डोळे मिटले. हो, भ्यालो होतो. आधीपासूनच भीत होतो, पायऱ्यांचं नुसतं निमित्त. हिनं मनगट धरलं, “देखा तरी!” म्हणाली. डोळे उघडले तर बठ्ठं, सगळंच्या सगळं देवास पायाखाली, छपरं, तळं, आम्ही आलो तो आग्रा रोड सुतासारखा! मी असा ओरडलो, “बोला, माता की जय!” की पुढच्या पाळण्यातल्यांनीही जय म्हटलं. वर दोघांनी मिळून ओटी भरली. ज्या देवीपर्यंत माझी ताकद पोचली नाही, तिनंच मला बसवून वर नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ही धर्मशाळेत वेणी घालत होती तोवर, मी पुन्हा पाळण्याच्या खिडकीवर जाऊन दोन तिकिटं काढली.