रॉनचा सैल ड्रम

लिहायला उशीर झाला, माफ करा मंडळी. कार्यक्रमाचं सांगतो म्हणालो होतो त्याला तीन आठवडे झाले. माझं शिक्षण सहावीपर्यंत, त्यात कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायचं... सूनबाई मुग्धा शेजारी बसली तेव्हा कुठे जमलं.

कार्यक्रमाच्या आधीच्या मंगळवारी इथे हॅमिल्टनला सकाळपासून दाट धुकं होतं आणि मी शेजारच्या रॉनच्या गॅरेजमध्ये होतो. माझ्या हातून चूक झाली ती तिथेच.

रॉन म्हणजे इथला जुना जॅझ ड्रमर. आता ऐंशीचा आहे. तरुणपणी डान्स हॉलमध्ये वाजवायचा, मग त्याच्या तीन रेकॉर्ड निघाल्या, आणि त्या ऐकून इथल्या कितीतरी ड्रमर लोकांनी हात बसवला म्हणे. गेल्या वर्षी स्ट्रोक आला आणि डावा हात गेला.

माझं पुण्यात चाळीस वर्षं तबले-पखवाज मढवायचं दुकान होतं. मला इंग्रजी येत नाही, त्याला मराठी येत नाही. तो कुंपणाच्या फळीवर बोटांनी काहीतरी वाजवतो, मी पलीकडून उत्तर देतो... अशी आमची दोस्ती.

रविवारी त्याचे शिष्य त्याच्यासाठी कार्यक्रम करणार होते. त्याचा जुना स्नेअर ड्रम, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा छोटा ड्रम, खऱ्या कातड्याचा, त्याची शिष्या हेलन वाजवणार होती. रॉनची बायको जोन हिने फडकं हातात देऊन खुणेनेच विचारलं, जरा पुसून ठेवशील का?

पुसला. टिचकी मारून बघितली तर आवाज धप्प! मला वाटलं, धुक्याने कातडं उतरलंय. स्क्रू पिळायची किल्ली शेजारीच होती... हीटरपुढे धरला, कडेचे दहाही स्क्रू आवळले आणि चहूबाजूंनी एक सूर लावून दिला. काय सुरेख बोलायला लागला!

रॉनने येऊन एकदा वाजवून पाहिलं. काठी टेकत घरात निघून गेला.

मग जोनने मुग्धाला सगळं सांगितलं. ड्रम त्याने इतकी वर्षं मुद्दाम तसाच ठेवला होता. रेकॉर्डवरचा आवाज तोच, आणि त्या आवाजासाठीच लोक त्याला बोलवायचे. कुठला स्क्रू किती आवळलेला होता हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि रॉनचा तो हात आता चालत नाही.

मुलगा म्हणाला, "बाबा, सॉरी म्हणा आणि सोडून द्या. मोठ्या मनाचा माणूस आहे तो." मुग्धा म्हणाली, "तुमच्या हातात कुकर दिला तर शिट्टीसुद्धा सुरात लावाल!" सगळे हसले. मी मात्र ताट बाजूला सारलं. बीपीची गोळी घेतली की नाही तेही आठवेना.

पण ठरवलं... बिघडवला मी, तर लावून देणारही मीच. तोही रविवारच्या आत.

जोनकडून दोन रेकॉर्ड आणि प्लेअर मागून घेतला. बुधवारपासून गॅरेजमध्येच बसलो. एक संथ चाल आहे, त्यात रॉन काठ्यांऐवजी तारांचा ब्रश फिरवतो. तीच पुन्हा पुन्हा लावायची, मग ड्रमवर हात मारायचा. सैल केला की आवाज नुसता मरायचा, आवळला की पुन्हा माझा तबला! शुक्रवारी जोनने चहा आणून ठेवला आणि माझ्याकडे बघून हळूच दार लोटून घेतलं.

शनिवारी दुपारी कान उघडले. रेकॉर्डमध्ये एक घाव जाड येत होता, एक बारीक. एकाच ड्रमवर दोन आवाज! म्हणजे ते कातडं त्याने मुद्दाम वाकडं लावलेलं होतं, डाव्या हाताकडे सैल आणि उजवीकडे ताठ. आणि मी चार दिवस सगळीकडून सारखं करत बसलो होतो...

आमच्या कामात पहिला धडाच हा, की तबल्याच्या कडेची सोळाही घरं, म्हणजे चामड्याच्या दोऱ्यांमधल्या जागा, एका सुरात बोलली पाहिजेत. एक घर उतरलेलं राहिलं तर वडील हातोडी माझ्या बोटांकडे वळवायचे. आयुष्यात मी मुद्दाम बेसूर काही सोडलं नव्हतं. डावीकडचे तीन स्क्रू सैल करताना मनातल्या मनात वडिलांची माफी मागितली, खोटं कशाला सांगू.

रॉनला बोलावलं. त्याने उजव्या हातात ब्रश घेतला, डावीकडून उजवीकडे फिरवला, परत फिरवला. मग एका स्क्रूवर बोट ठेवलं आणि अजून सैल, अशी खूण केली. मी अर्धा वेढा सोडला. त्याने पुन्हा ब्रश फिरवला आणि म्हणाला, "देअर शी इज."

म्हणजे 'हीच ती!' एवढं इंग्रजी मलाही कळतं.

पुन्हा घोळ नको म्हणून लगेच खुणेसाठी दहाही स्क्रूंवर मुग्धाच्या लाल नेलपॉलिशचे ठिपके देऊन ठेवले. तरी हॉलमधल्या हीटरने कातडं चढेल म्हणून रविवारी किल्ली खिशात घेऊन पहिल्या रांगेत बसलो. मध्यंतरात पाव वेढा सोडलाच! हेलन वाजवायला लागली तेव्हा शेजारी बसलेल्या रॉनचा उजवा हात माझ्या गुडघ्यावर ठेका धरून चालला होता. मी गुडघा हलवला नाही.

पण माझी धाकधूक काही जात नाही. तिसऱ्या रेकॉर्डवर म्हणे हा ड्रम बराच वेळ एकटाच वाजतो. ती रॉनने पूर्वी कुणालातरी ऐकायला दिली, तो माणूस क्राइस्टचर्चला गेला आणि रेकॉर्डही गेली. ती ऐकल्याशिवाय मी बरोबर लावलाय हे कशावरून म्हणू?

तेव्हा क्राइस्टचर्चच्या रिकार्टन भागातल्या मंडळींनो, जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलात तर तेवढं बघा. निळं कव्हर, त्यावर एक काठी आणि एक ब्रश आडवे ठेवलेले. दिसली तर उचला आणि मला कळवा... लवकर कळवा हो. रॉन रोज सकाळी कुंपणाशी येतो, भुवया उंचावून विचारतो, मिळाली का, आणि मला नुसती नाही अशी मान हलवावी लागते.