मावशींची राहिलेली काडी

आमच्या शाळेतल्या मावशींना शांतता फार प्रिय होती आणि ती राखण्यासाठी त्या दिवसभर ओरडत असत. पहिलीच्या रांगेपासून व्हरांड्यातल्या कबुतरांपर्यंत कुणी त्यातून सुटत नसे. खोपोलीजवळच्या याच कॉन्व्हेंटमध्ये मी शिकले आणि पहिली नोकरीही तिथेच धरली, पण मावशींच्या लेखी मी टीचर झालेच नाही. "ही आपली मुकी बाय," अशी त्या माझी ओळख करून देत. मला ते बरं वाटे. त्यांच्याजवळ बसलं की उत्तरं द्यावी लागत नसत.

त्या वर्षी नव्या सिस्टरांनी आगमनकाळात, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांत, व्हरांड्यात एक रिकामी लाकडी गव्हाण ठेवली. ज्याने भांडण मिटवलं त्याने तिच्यात पेंढ्याची एक काडी टाकायची. नाताळापर्यंत बाळ येशूसाठी मऊ बिछाना व्हायला हवा. दुसऱ्याच दिवशी मावशी घरून डोक्यावर अख्खा भारा घेऊन आल्या. "एकेका काडीवर तान्हं पोर निजंल व्हय? आमच्याकडं ढीग पडलाय." काडी कमवावी लागते, हे सिस्टरांनी समजावलं. झालं, मावशी भाऱ्यावर पहारा करू लागल्या. मुलांनी आधी भांडण सांगायचं, मग काडी. काडीसाठी मुद्दाम भांडून आलेल्या दोघांना त्यांनी बघताक्षणी ओळखलं आणि हाकलून दिलं.

मावशी, तुमची काडी कधी, असं सिस्टरांनी एकदा सहज विचारलं. मावशींनी झाडू उचलला आणि निघून गेल्या. कारण मला नंतर कळलं. शेजारीच राहणाऱ्या जाऊबाईंशी त्यांचा अबोला होता. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन घरं दोन बाजूंना गेली. निकाल लागून दोन वर्षं झाली, तरी एका भिंतीच्या दोन अंगांना दोन झेंडे तसेच होते. त्यात त्या डिसेंबरात पालकांच्या ग्रुपवर रोज कुणी कुणाचा सण करावा यावर लांबलचक मेसेज येत. "सगळ्यांनाच कसली तरी भीती बसलीय गं," मावशी म्हणाल्या. मग जरा वेळाने, "माजी काडी तेवढी राह्यली."

सुट्टीच्या आदल्या दिवशी त्या मला साजगावला, त्यांच्या गावी, घेऊन गेल्या. "तू चल. तू मधी बोलत नाय." रिक्षात त्यांनी बोलायचं सगळं पाठ केलं. जाऊबाई ओटीवर तांदूळ पाखडत होत्या. मावशी समोर उभ्या राहिल्या आणि त्यांना एक शब्द सुचेना. शेवटी मीच म्हणाले, "मावशींना तुमच्याशी बोलायचंय."

जाऊबाईंनी मान वर केली नाही. "मंग तुला कशाला आनली? तिच्या तोंडाला काय झालं?"

एवढं पुरलं. तोंडाला काय झालं ते मावशींनी अर्धा तास सांगितलं. जाऊबाईंनीही काही शिल्लक ठेवलं नाही. न आलेली लग्नपत्रिका, शेवग्याची तोडलेली फांदी, सगळं निघालं. मग दोघी दमल्या. जाऊबाई आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या, मावशींच्या आवडीचा, पाकासारखा गोड.

मावशींना गेल्याच वर्षी मधुमेह निघाला होता. शाळेत त्या बिनसाखरेचा चहा नाक मुरडत पीत. भिंतीपलीकडे ही बातमी पोचलीच नव्हती. मी तोंड उघडणार, तोच मावशींनी माझा पाय दाबला आणि कप रिकामा केला.

मावशी मला रिक्षापर्यंत सोडायला आल्या तेव्हा मी विचारलं, सांगितलं का नाहीत?

"समदं आजच सांगून टाकू?" मावशी म्हणाल्या. "मंग उद्या तिच्याकडं कशाला जाऊ?"