आईच्या सवतीचा अ‍ॅक्सल

आमच्या घरी गोल बॉनेटची एक जुनी गाडी आहे आणि आई तिला सवत म्हणते. पाठीमागे नव्हे, तोंडावर. सकाळी आण्णा पाण्याची बादली घेऊन निघाले की विचारते, सवतीची आंघोळ का? आण्णा म्हणजे माझे वडील. फौजेत ड्रायव्हर होते, सुटून आल्यावर ही गाडी घेतली. अजून तिला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, मला तर नाहीच नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी सांगलीहून कोरेगावजवळच्या आमच्या गावी गेले होते, तेव्हा गाडी फाट्यावर अडली. इंजिन चालू, गिअर पडतोय, पण गाडी जागची हलेना. शेवटी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरला बांधून ओढत आणली. आण्णा स्टेअरिंगवर ताठ बसले होते, पण तोंड पार उतरलेलं.

कोरेगावचा मिस्त्री आला. त्याच्या वडिलांचाही हात ह्याच गाडीवर बसलेला, त्यामुळे घरचाच माणूस. त्याने मागचं चाक काढलं, ड्रम काढला आणि अ‍ॅक्सल ओढला. अ‍ॅक्सल म्हणजे चाक फिरवणारी जाड लोखंडी कांब. तिचं एक टोक चाकात, दुसरं गाडीच्या मधोमध दातेरी चक्रांत. हातात आली ती अर्धीच. मोडलेला उरलेला तुकडा पाइपासारख्या लांब नळीत, पार आत राहिला.

मिस्त्रीने काठीला लोहचुंबक बांधून आत घातलं. ते मेलं नळीलाच चिकटून बसायचं. आकडा घातला, तो निसटायचा. शेवटी त्याने खरं ते सांगितलं. दुसरी कांब सांगलीत जुन्या मालाच्या दुकानात मिळेल, पण हा तुकडा असा निघाला नाही तर मागचा सगळा सांगाडा उतरवावा लागेल. बोल्ट गंजून गेलेत. त्यात काही फुटलं तर ते आता कुठेच मिळणार नाही.

आण्णांनी गोठ्याकडे बघत सांगितलं, संध्याकाळपर्यंत बघ, नाहीतर भंगारवाल्याला बोलावू. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं पुसून पुसून चकाकवली ती भंगारात घालायला का, असं मी फाडकन बोलले. माझी जीभ अशीच आहे. ते बॉनेटवरची एकच जागा फडक्याने पुसत राहिले, आणि मग मलाच कसंतरी झालं.

मला वाटलं, आईला आनंद होईल. गाडीच्या जागेत म्हैस बांधायची असं तिचं कधीपासून चाललं होतं. पण ती हात पुसत आली, उकिडवी बसली, नळीत डोकावली. तुकडा केवढा आहे, मोडलेलं तोंड कसं असेल, सगळं मिस्त्रीला विचारून घेतलं. तिरकं मोडलंय आणि टोक खाली टेकलंय, असं तो म्हणाला.

आता आईचं एक सांगायला हवं. गावात नळ यायच्या आधी विहिरीत कुणाची बादली, घागर पडली की आईला बोलावणं यायचं. बाकीच्या बाया दोराला बांधलेला आकड्यांचा गळ टाकून नुसत्या घुसळत बसायच्या. आई डोळे मिटून दोर सोडायची आणि घागर वर यायची. नळ आले, तो गळ गोठ्यात खुंटीला लागला तो लागलाच.

तिने मिस्त्रीकडून जुन्या ब्रेकची तार मागून घेतली. ती दुहेरी करून बारीक पाइपातून ओवली आणि पुढे फास केला. मग पोतं अंथरून, पदर खोचून, सरळ चाकाच्या जागी आडवी झाली. हात चिरेल, असं आण्णा पुटपुटले.

"हिरीत तरी कुठं काय दिसायचं? हाताला कळतं. गप बसा जरा."

आणि डोळे मिटले. पाइप जरा आत, जरा फिरव, पुन्हा मागे. तिचं मनगट असं हलत होतं की जणू पलीकडे कुणी तिच्याशी बोलतंय. एकदम तिने मिस्त्रीला तार ओढायला सांगितली, हळू, मग थांबायला. पाइपाला एक हेलकावा दिला. आत काहीतरी करकरलं. काळ्या ऑइलमधून तिरकं टोक दिसलं, गाय विताना वासराचे खूर आधी दिसतात तसं, आणि पाठोपाठ अख्खा तुकडा बाहेर आला.

मिस्त्रीने तो पुसला, उन्हात धरला आणि आम्हाला जवळ बोलावलं. मोडलेलं तोंड जवळजवळ सगळं काळं, गुळगुळीत पडलेलं. कडेला फक्त नखाएवढी जागा चकाकत होती. काळं ते जुनं चिरलेलं, तो म्हणाला, आणि चकाकतं ते त्या दिवशी फाट्यावर तुटलं. बाप रे! म्हणजे दिवाळीत आम्ही सगळे महाबळेश्वरचा घाट चढलो, उतरलो, ते ह्या नखाएवढ्या लोखंडावर?

आईने त्यावरून अंगठा फिरवला.

"लय दिस चिरलं हुतं की. आन तसंच वढत हुतं."

आण्णा तिच्याकडे बघतच राहिले. तुकड्याकडे नाही, तिच्याकडे.

सांगलीहून कांब मीच आणली. मिस्त्रीने ती बसवली आणि एक फेरी मारून बघू म्हणून आम्ही निघालो. आईने नेहमीसारखं मागचं दार उघडलं. पुढची सीट आधी आजोबांची होती, मग पाहुण्यांची, मग माझ्या भावाची. नंतर ती रिकामी राहायला लागली, तरी आई मागेच बसायची, आणि ते कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आण्णांनी आतून वाकून पुढचं दार ढकललं आणि पुढं बस म्हणाले.

आता ही सवतीवरून काहीतरी टोमणा मारणार, असं मला वाटलं. ती साडी सावरून पुढे बसली. मी मागे, तिच्या जागी बसले. तिथून समोर दोन डोकी दिसत होती, बाकी काही नाही.

फाटा आला तशी आई काचेकडे जरा पुढे झाली.

"हितनं रस्ता असा दिसतोय व्हय," ती म्हणाली.

आण्णांनी गाडी हळू केली.