पाठवणीवरचं गाणं

ताईच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट आमच्या टाउनशिपमधल्या निम्म्या क्वार्टर्समध्ये फिरून आली होती. शूटिंगवाला नेहरू नगरचा होता. कुठल्या प्रसंगावर कोणतं गाणं टाकायचं, याची यादी तो घरच्यांकडूनच मागून घ्यायचा. ती मी दिली, मोठ्या हौसेने. पाठवणीला बासरीवालं रडकं गाणंच हवं, असं बजावून सांगितलं. "मूळ आवाज जाणार नाही ना?" असं आईने विचारलं, तर तो म्हणाला, "आंटीजी, पीछे धीमा-धीमा आता रहेगा."

त्या प्रसंगात बाबा गाडीच्या खिडकीशी वाकून ताईशी बोलतात. कारखान्यात मशीनच्या खडखडाटात आयुष्य काढलेला हा माणूस घरी चार वाक्यं सलग बोलत नसे. इथे चांगला मिनिटभर बोलतोय. गाण्यामुळे ते दृश्य काय जमलंय, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

बाबा गेल्यावर त्यांचा आवाज ऐकायला म्हणून मी कॅसेट लावली. आवाज पार वाढवला. बाबांचे ओठ हलतात आणि कोणी परका गवई गळा काढतो. धीमा-धीमा काहीही येत नाही. मूळ टेपवर शूटिंगवाल्याने केव्हाच दुसरं लग्न उतरवलं होतं. त्याला मी फोनवर वाट्टेल ते बोलले. पण यादी माझ्याच अक्षरातली होती.

शेवटी ताईला विचारलं, बाबा तेव्हा काय म्हणाले होते?

"मी रडत होते गं, काही ऐकूच आलं नाही," ती म्हणाली. "म्हटलं, कॅसेटमध्ये आहेच की."