पिठावरचा पंजा
पीठ चाळताना त्याचा कोमट वास नाकात गेला, की मला आमचं बुऱ्हाणपूरचं स्वयंपाकघर दिसतं. आईला पोळ्या करता याव्यात म्हणून सहा वर्षांची मी चार वर्षांच्या भावाला चाळणी घेऊन खेळवायचे. फरशीवर मूठभर पीठ चाळायचं, त्यावर मी पंजा उमटवायचा, मग शेजारी त्याने. "अक्का, आधी तू!" तो ओरडायचा. त्या उन्हाळ्यात तापाने तो दोन दिवसांत गेला. माणूस गेलं, की आमच्यात त्या जागी पीठ चाळून वर टोपली झाकतात आणि त्याला कुठला जन्म मिळाला ते सकाळी पिठावरच्या खुणेवरून पाहतात. इतक्या लहानाचं करत नाहीत, असं शेजारणी म्हणाल्या. आईने ऐकलं नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून मी टोपली उचलली. पीठ कोरं होतं. मी आधी उमटवल्याशिवाय तो कसा उमटवणार, असं वाटून मी पंजा टेकवला. उजाडल्यावर आई हंबरली, "येऊन गेला माझा पोऱ्या!" मी पिठाचा हात परकराला पुसला. पुढे छप्पन साली राज्यांची पुनर्रचना झाली, सरकारी नोकरीतल्या वडिलांची नागपूरला बदली झाली. "पोऱ्या इथं येतो, मी नाही यायची," आई म्हणाली. वडील एकटेच गेले. आई दर अमावास्येला त्या जागी पीठ चाळत राहिली. सकाळी ती कोऱ्या पिठाकडे बघत बसायची, आणि मी माझा मोठा झालेला पंजा पदराआड लपवायचे. आजही चाळणी धुतल्यावर कुठे पंजा उमटू नये म्हणून मी हात आधी पुसते.