तापीकाठच्या फळ्यांची परवानगी

अमळनेरजवळच्या आमच्या तापीकाठच्या गावातून सुरतेला निघताना माझ्या पिशवीत थोरल्या बहिणीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ होतं आणि तिच्या घरच्या कानबाईसाठी नवी नथ. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: श्रावणातल्या एका रविवारी आम्ही नारळाला देवी म्हणून सजवतो आणि सोमवारी डोक्यावर घेऊन वाजतगाजत नदीवर नेतो. आमच्या घराण्यात नारळ पाण्यात सोडत नाहीत. नदीत न्हाऊ घालून परत घरी आणतात.

नंदुरबार मागे पडलं तसे डोंगर हिरवे झाले आणि चहावाले गुजरातीत ओरडू लागले. सुरतेच्या अलीकडच्या उधना स्टेशनवर दाजी, म्हणजे ताईचे यजमान, घ्यायला आले होते. नवागामातल्या त्यांच्या खोलीत शिरले तर शेजारचे माग असे खडखडत होते की ताईशी बोलायलाही ओरडावं लागलं. ताई काठी टेकत दारात आली.

गेल्या वर्षी कानबाई डोक्यावर असतानाच ती नदीकाठच्या चिखलात घसरली आणि तिचा पाय मोडला. यंदा देवीला घरीच बादलीत न्हाऊ घाला, असं शेजारणींचं म्हणणं.

“बादलीमा न्हावाले ती काय धाकली पोर से?” (बादलीत न्हायला ती काय लहान मूल आहे?) ताईने मला विचारलं. आवाज भांडणाचा होता, डोळे मात्र भरले होते.

म्हणून दाजींनी काठापासून पाण्यापर्यंत फळ्यांचा ओटा घालायचं ठरवलं होतं. एका दिवसासाठी का होईना, नदीत काही उभारायचं तर महापालिकेची परवानगी लागते. आधी नकाशा, मग जागेची पाहणी, मग हो किंवा नाही. “चार फळ्यांना लग्नाइतका थाट!” असं म्हणत दाजींनी सकाळी जाऊन पाणी पाहिलं, खुणेचे बांबू रोवले आणि नकाशा काढून दिला.

शुक्रवारी दुपारी महापालिकेच्या तरुण इंजिनिअरबाई फाईल घेऊन काठावर आल्या. आम्हीही सगळे गेलो. बांबू जागच्या जागी होते, पण पाणी नव्हतं! बांबूंच्या पलीकडे लांबवर नुसता चिखल, आणि त्यात बगळे निवांत फिरत होते.

“पानी कथं गयं?” (पाणी कुठे गेलं?) दाजी ओरडले. “आपली तापी अशी कथाबी जास नही!” (आपली तापी अशी कुठेही जात नाही!)

बाई खुदकन हसल्या. “काका, अहीं तो दरियानी मरजी चाले!” (इथे तर समुद्राची मर्जी चालते!) “सांजे पाछुं आवशे.” (संध्याकाळी परत येईल.)

भरती-ओहोटी! दाजींचा सारा जन्म इथे मागावर गेला, पण नदी बघायची ती गावाकडच्या डोळ्यांनी. मी तरी काय वेगळी, मीही आ वासून उभीच होते. बाईंनी मात्र फाईल मिटली. असा ओटा कधी पाण्याखाली जाणार, कधी चिखलावर लटकणार; मंजुरी देता येणार नाही. ताईचा चेहरा इतका उतरला की मला तिच्याकडे बघवेना.

तेवढ्यात तीच म्हणाली, “पोहाले शिकतांना पाठले डबा बांधेत ना? तसाच फळ्यासले बांधा.” (पोहायला शिकताना पाठीला डबा बांधतात ना? तसाच फळ्यांना बांधा.)

मी हिंदीत समजावलं. बाईंनी विचार केला आणि जीपच्या बॉनेटवर नवा नकाशा काढला: फळ्यांखाली रिकामी पिंपं, दोन्ही बाजूंना दोरीचा कठडा. अटी तीन. सोमवारी फक्त भरतीच्या वेळी, एका वेळी मोजकी माणसं, आणि लगेच सगळं उचलायचं. शनिवारी मंजुरीचा शिक्का बसला. बमरोलीच्या रंगाच्या कारखान्यातून आणलेली पिंपं धुताधुता दाजींचे हात मनगटापर्यंत गुलाबी झाले.

सोमवारी खरी पंचाईत झाली. आमच्या बायका कानबाई घेऊन वेळेवर निघाल्याचं आजवर कोणी पाहिलेलं नाही. फुगड्या संपेनात. दाजी गुलाबी हात हलवत ओरडत होते, “चाला वं! पानी चालनं जाई!” (चला गं! पाणी निघून जाईल!)

पोचलो तेव्हा नदी काठोकाठ होती. ताईने काठी माझ्या हातात दिली, कानबाई डोक्यावर घेऊन एका हाताने सावरली, दुसऱ्या हाताने दोरी धरली. फळ्या डुलल्या आणि वाजंत्री आपोआप थांबली. ती सावकाश टोकापर्यंत गेली, बसली, देवीला न्हाऊ घातलं आणि मोठ्याने हसली. मी रडले, सांगायला लाज कसली. इंजिनिअरबाई अटी पाळल्या जातात का बघायला आल्या होत्या, त्या लाह्या-फुटाणे खात उभ्या होत्या.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून मी तापीचा विचार करत होते. आमच्या गावावरून ती एकाच दिशेने जाते, आणि ताईही तशीच गेली, ती गेलीच, असं मी इतकी वर्षं मनात धरून होते. सुरतेत तेच पाणी दिवसातून दोनदा वळून आमच्या गावाकडे तोंड करतं. ताईला हे मी सांगितलं नाही. फळ्यांच्या टोकाला ती बसली होती, तीही तिकडेच तोंड करून.