म्हस, उंट आणि केरीची फेरीबोट

आमच्या अंगणातल्या दोन मोटारसायकलींचं बारसं सासूबाईंनी दुसरी गाडी आली त्याच आठवड्यात उरकून टाकलं होतं. माझी बसकी, रुंद, काळीकुट्ट क्रूझर म्हणजे म्हस. नवऱ्याची उंच, समोर काच आणि दोन्ही कुशींना पेट्या लटकवलेली टूरर म्हणजे उंट. "आता गोठा तेवढा बांधा," असं म्हणून त्या तुळशीला पाणी घालायला गेल्या होत्या.

मी डिचोलीतल्या हायस्कुलात गणित शिकवते. पन्नाशीला टेकताना स्कूटर सोडून म्हस घेतली, तेव्हा गावाने तोंडात बोटं घातली. नवरा मात्र माझ्या आधीपासून उंटावर. त्याने उमेदीची वर्षं खाणीवर खनिजाचे टिपर ट्रक चालवण्यात घालवली. केबिनीत बसून खालचं जग बघायची सवय लागलेला माणूस. खाण बंद पडली, टिपर गेले, पण उंचावरून बघायची खोड काही गेली नाही. म्हशीकडे बघून तो म्हणायचा, "ही काय मोटारसायकल? ही आरामखुर्ची. हिच्यावर बसून सुपारी कातरायची."

मी का ऐकून घेतेय! "आणि तुझ्या उंटावर चढायला शिडी लागते," मी म्हणायची. घरात चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, पण हेल्मेट डोक्यावर चढलं की सरळ अरे-तुरे. दोघांच्या हेल्मेटात बोलायचे फोन बसवलेत, त्यामुळे आमचं भांडण घरापासून आंबोलीपर्यंत न थांबता चालू शकतं. आणि चालतंच. म्हस की उंट, हा आमच्या संसाराचा कायमचा वाद. खरं सांगते, त्या वादात जी मजा होती ती कुठल्या सणात नव्हती.

मग त्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मोकळीक दिली, गुडघाही बरा झाला, पण पायावरचा त्याचा विश्वास काही परतला नाही. उंट उभा करायचा म्हणजे एका पायाच्या चवड्यावर तो डोंगर तोलायचा. एकदा आमोण्याला माझ्या माहेरच्या खळ्यात उंट डावीकडे कलंडलाच. मी आत होते. बाहेर येईपर्यंत नवऱ्याने माझ्या भावाच्या मदतीने उंट उभा केला होता आणि तो आंब्याच्या झाडाची चौकशी करत होता. डाव्या बाजूचा ताजा ओरखडा मला दिसला, पण मीही आंब्याबद्दलच बोलले.

नवरात्र बसलं आणि त्याने जाहीर केलं, उंट विकायचा. गिऱ्हाईकही ठरलं. कोल्हापूरकडचा एक मुलगा, वेर्ण्याच्या कारखान्यात कामाला, त्याला दसऱ्याला दारात गाडी हवी होती. रविवारी बघायला येणार. आणि आमच्या ह्यांनाही घाई दसऱ्याचीच. आमच्याकडे एकदा दसऱ्याला हार घालून, चाकाखाली लिंबू चिरडून गाडी पुजली, की पुढचं वर्षभर तिला विकायला हात धजत नाही. पुजायच्या आधी गेली पाहिजे.

"का पण?" मी विचारलं.

"पेट्रोल पिते. वय झालं. आता कुठे फिरायचंय मेलं!"

वय झालं म्हणे! उंट गेला की हा माणूस ओसरीवर बसणार. आरामखुर्ची म्हणून ज्या म्हशीची इतकी वर्षं टिंगल केली तिच्यावर तो मेला तरी बसणार नाही. मी एकटी भटकून काय करू? हेल्मेटात कुणाशी भांडू? मला राग आला, रडू आलं, आणि मग डोकं चालायला लागलं.

"विकायचा तर विका," मी म्हटलं. "पण शनिवारी एक शेवटची फेरी. मोपाच्या सड्यावर जाऊ, तिथून केरीच्या फेरीबोटीला. सड्यावर गाड्या बदलायच्या. इतकी वर्षं भांडलो, एकदाचा निकाल तरी लावू."

तो हो म्हणाला. मला उंट चालवताना घाम फुटलेला बघायची त्याला हौस असणार. मला त्याला म्हशीवर बसवायचं होतं, दुसरं काही नको होतं.

शनिवारी सकाळी बाजारात उंडो पाव आणि पातळ भाजी खाऊन निघालो. अस्नोड्यापर्यंत रस्ता वळणावळणाचा, त्यात म्हशीची मजा ती काय वर्णावी! वजन सगळं खाली, इंजिनाचा आवाज पोटातून आल्यासारखा, गिअर न बदलताही चढ चढते. खालच्या गिअरची भीक मागत नाही. मी हेल्मेटात गातच होते. कोलवाळचा पूल ओलांडून हमरस्त्याला लागलो आणि म्हशीचं पितळ उघडं पडलं. वारा थेट छातीवर, मान ताठ, हात ताणलेले, आणि प्रत्येक खड्ड्याची बातमी माकडहाडाला. उंट काचेमागे आरामात, माझ्या पुढे.

"काय गो, सुपारी कातरलीस?" फोनवर तो.

"मर तू!" मी म्हटलं.

मोपाचा सडा, म्हणजे विमानतळालगतचं कातळाचं पठार, पावसाळ्यानंतर गवताने पिवळट हिरवा झाला होता. विमान डोक्यावरून इतकं खाली गेलं, की आम्ही दोघंही हात वर करून लहान मुलांसारखे ओरडलो. तिथे गाड्या बदलल्या.

आता मी कबूल करते, डाव वेगळाच होता आणि झालं भलतंच. उंटावर बसले, आणि आई शप्पथ, मला नवं जग दिसलं! कुंपणांच्या पलीकडचं दिसतं. शेतं दिसतात, शेतातली माणसं दिसतात, पुढच्या ट्रकच्या पुढचा ट्रक दिसतो. खड्डा आला की गाडी तो परस्पर मिटवते, मला कळवतसुद्धा नाही. वळणावर कलवायचं म्हटलं की मी बघेन तिकडे ती आधीच निघालेली. वारा काचेवरून डोक्यावरून पार. इतकी वर्षं हा माणूस एकटा हे सुख भोगत होता आणि मी आरामखुर्चीची तरफदारी करत होते!

"अरे, हे काय आहे!" मी ओरडले. "अरे, मला आधी का नाही सांगितलंस?"

"रोज सांगत होतो मरे!"

फक्त थांबायची वेळ आली की जीव मुठीत. माझे चवडे जेमतेम टेकत होते, तेही एका वेळी एकच पाय.

म्हशीवरून सुरुवातीला नुसत्या तक्रारी. पाय पुढे का, गाडी का वाकत नाही, पेडण्याच्या उतारावर तर पाय ठेवायची दांडी रस्त्याला घासली आणि त्याने खाणीवरची ठेवणीतली शिवी हासडली. गतिरोधकावर "आई गे!" ऐकू आलं, मला बरं वाटलं. मग पेडण्याच्या बाजारात गाड्यांची कोंडी झाली. चार पावलं चालायचं, थांबायचं.

"गो," तो म्हणाला.

"काय?"

"दोन्ही पाय टेकतात."

कोंडी सुटली आणि आम्ही पालयेच्या रस्त्याला लागलो.

केरीला पोचलो तेव्हा ओहोटी होती. भरतीच्या वेळी फेरीबोट धक्क्याला समपातळीत लागते, मूलही चालत जाईल. ओहोटीला मात्र धक्क्याचा उतार खोल खोल जातो, आणि खालचा भाग शेवाळाने बुळबुळीत. खाली फेरीवरचा माणूस हात हलवून बोलावत होता.

"मी नेतो उंट, तू थांब," नवरा म्हणाला.

"अजून विकलेला नाहीस. आणि आज तो माझा," मी म्हटलं. मला चेव चढला होता.

पुढच्या ब्रेकवर हलका हात ठेवून मी उतरायला लागले. छान चाललं होतं. फेरीच्या पत्र्यापासून थोडं अलीकडे माझ्या पुढची स्कूटर बंद पडली. मला थांबावं लागलं. मी डावा पाय टेकवला आणि तो टेकलाच नाही. बुटाचा तळवा शेवाळावरून सरकत सुटला. अख्खा उंट, पेट्यांसकट, हळूहळू डावीकडे कलायला लागला. एकदा तो कलला, की माझ्यासारखीच्या हातून थांबत नाही. खाली नदीचं पाणी. माझ्या तोंडून "देवा रवळनाथा" निघालं.

एवढ्यात डाव्या बाजूने काळं काहीतरी येऊन चिकटलं. म्हस! तो माझ्या मागून उतरला होता. माझ्या शेजारी घुसून, दोन्ही पाय रोवून, त्याने उंटाची पेटी खांद्यावर घेतली होती. सगळं वजन, माझ्यासकट.

"हालू नको. मी आसा."

"तुझा पाय!"

"हालू नको म्हटलं ना!"

फेरीवरचा माणूस धावत आला, स्कूटरवाला आला, दोघांनी उंट सरळ केला आणि धरून आत नेला. नवरा मागून म्हस घेऊन आला, दोन्ही पायांनी जमीन चाचपत, जत्रेतल्या गर्दीतून बैल आणावा तसा.

फेरी सुटली. हेल्मेट काढलं, बुटाला हात लावला, वास घेतला. खोबरेल तेल! मी उंटाजवळ जाऊन बघितलं. पाय ठेवायच्या रबराला तेल, सीटला तेल, टायरच्या कडांना तेल. सगळं कसं आरशासारखं चकाचक.

"हे काय आहे?"

"ते... उद्या गिऱ्हाईक येणार म्हणून जरा चमकवलं."

आमच्याकडे केसांपासून दरवाजाच्या बिजागरीपर्यंत सगळ्याला घाण्याचं खोबरेल तेल लागतं हे मला मान्य आहे. पण पाय ठेवायच्या रबराला! फेरीवरच्या सगळ्या माणसांदेखत मी त्याला अशा शब्दांत झापलं, की अहो-जाहो कुठल्या कुठे गेलं. "गाडीवर चढायचंय की तिला वेणी घालायचीय? डोकं आहे का नुसतं त्यालाही तेलच?" फेरीवरचा माणूस तोंड वळवून हसत होता.

नवरा मात्र ऐकतच नव्हता. कठड्याला टेकून तो आपला गुडघा वाकवत होता, सरळ करत होता, परत वाकवत होता.

"दुखतोय?" माझा राग एकदम उतरला.

"डावा होता गो," तो म्हणाला.

"काय डावा?"

"सगळा भार आला तो. डाव्यावरच आला. आणि रवला. हलला नाही."

त्याचा चेहरा असा फुलला होता, की मला तिथेच मिठी मारावीशी वाटली. माणसं होती म्हणून त्याच्या खांद्यावर नुसतीच एक थापट मारली. पलीकडच्या तेरेखोलच्या धक्क्याला लागेपर्यंत तो त्या पायाकडे बघत होता.

पलीकडे उतरायच्या आधी त्याने खिशातला रुमाल काढला, खाली बसून उंटाची दोन्ही रबरं घासून पुसली. मला वाटलं आता किल्ली मागणार. त्याने मागितली नाही. म्हशीवर जाऊन बसला.

परतीच्या वाटेवर भरती येऊ लागली होती, उतार सोपा झाला होता, आणि माझ्या कानात एक शत्रू बडबडत होता. म्हशीचं वजन कसं खाली, म्हशीचा जोर कसा मुळापासून, म्हशीवर माणूस कसा जमिनीचा राहतो. इतकी वर्षं मी जे घसा फोडून सांगितलं ते सगळं तो मलाच शिकवत होता, जसं काही त्यानेच म्हस शोधून काढली! मी उंटावरून त्याला सांगत होते, की तुझ्या म्हशीला वारा अडवायला काच नाही, माकडहाडाला दयामाया नाही. धारगळपासून डिचोलीपर्यंत भांडलो. घरी पोचलो तेव्हा दोघांचेही आवाज बसले होते. विक्रीचा विषय मात्र त्याने काढला नाही, आणि मला विचारायची छाती झाली नाही.

रविवारी तो कोल्हापूरकडचा मुलगा वेळेवर आला. मी स्वयंपाकघरात मिश्र भाज्यांचं खतखतं ढवळत होते, पण कान अंगणात. मुलाने उंटाभोवती एक फेरी मारली, ओरखडा बघितला, बसून बघितलं, आणि म्हणाला, "लई झकास ठेवलीया मालक. मग काय, द्यायची न्हवं?"

माझ्या हातातला डाव थांबला. सासूबाईसुद्धा जपमाळ धरून दाराशी उभ्या.

"मला नको विचारू, बाबा," नवरा म्हणाला. "माझी ती काळी, बसकी. ह्या उंटाच्या मालकिणीला विचारावं लागेल." आणि त्याने घराकडे तोंड करून हाक मारली, "गो! तुझा उंट विकतेस?"

हातातला डाव तसाच घेऊन मी बाहेर आले. डोळे भरले होते, त्याला मिरचीचं निमित्त होतं.

"नाही रे भाऊ," मी म्हटलं. "दसऱ्याला पुजायचाय. तू जेवून मात्र जा."